केनेल कफ आणि राखणीचा धर्म

केनेल कफ म्हणजे कुत्र्यांच्या श्वासनलिकेला आणि तिच्या फांद्यांना येणारी संसर्गजन्य सूज. एका छपराखाली, एकाच हवेत बरेच कुत्रे राहतात तिथे हा आजार हां हां म्हणता पसरतो. बोर्डिंगची केनेल्स, अनाथ कुत्र्यांचे निवारे, श्वानप्रदर्शने, केस कापून आंघोळ घालून देणारी दुकाने ही त्याची नेहमीची ठिकाणे. धडधाकट कुत्रा एक ते तीन आठवड्यांत बरा होतो. पिल्ले, म्हातारे कुत्रे आणि पग-बुलडॉगसारखे चपट्या नाकाचे कुत्रे यांचे दुखणे मात्र न्यूमोनियापर्यंत जाऊ शकते. पशुवैद्याच्या दृष्टीने आजार फारसा गूढ नाही. त्यातून उभा राहणारा नैतिक प्रश्न मात्र जुना आहे आणि अवघडही. विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेला मुका जीव तिथे आजारी पडला आणि कोणी त्याला जाणूनबुजून इजा केलेली नाही, तर त्या दुखण्याची जबाबदारी कोणाची? ज्याने ठेवला त्याची, ज्याने ठेवून घेतला त्याची, ज्याच्या कुत्र्याने खोकला आणला त्याची, की दैवाची?

रायगडच्या किनाऱ्यावर हा प्रश्न आता नेहमीच्या बोलण्यातला झाला आहे. मांडवा, सासवणे, आवास, किहीम, नागाव, रेवदंडा, काशीद या पट्ट्यात मुंबई-पुण्याच्या कुटुंबांची दुसरी घरे झाली. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली आणि मोटारीसकट, कुत्र्यासकट तासाभरात पलीकडे उतरता येऊ लागले. त्यामागोमाग कुत्र्यांना मुक्कामी ठेवून घेणाऱ्या जागाही आल्या. नारळी-पोफळीच्या वाडीत घरामागे पत्र्याची शेड, जाळीचे कप्पे, समोर मोकळे अंगण, असे त्यांचे साधे रूप. मालक परदेशी जातात, लग्नाला जातात, गणपतीत गावी जातात, आणि निरनिराळ्या शहरांतले, निरनिराळ्या सवयींचे कुत्रे आठ-दहा दिवस एका शेडमध्ये राहतात. अलिबागला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. झड आत येऊ नये म्हणून शेडला चारी बाजूंनी ताडपत्री बांधली की पाऊस अडतो, पण हवाही कोंडते. गणपतीची गर्दी नेमकी याच दिवसांत असते.

खोकला ओळखायला सोपा आहे. कुत्रा मान पुढे ताणतो, पुढच्या पायांची कोपरे बाहेर काढतो आणि छातीतून कोरडा, घोगरा ठसका देतो. एकामागून एक ठसके येतात, शेवटी ओकारी आल्यासारखे होते आणि फरशीवर पांढरा फेस पडतो. क्षणभराने तोच कुत्रा शेपूट हलवत जेवणाच्या भांड्याकडे जातो. गळ्यातला पट्टा ओढला की पुन्हा उबळ. किनाऱ्यावर पहिला संशय जातो तो माशाच्या काट्यावर. वाळत घातलेली मासळी पळवली असेल, काटा घशात रुतला असेल, असे समजून घरचे लोक तोंडात बोट घालून पाहतात, भाताचा गोळा भरवतात. या घोळात दोन दिवस जातात आणि तोवर खोकला शेजारच्या कप्प्यांत पोचलेला असतो. संसर्ग झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत साधारण दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत काळ जातो. म्हणजे वरवर ठणठणीत दिसणारा कुत्राही आजार घेऊन आलेला असू शकतो.

आजाराला एकच एक जंतू कारण नाही. बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका हा जिवाणू, पॅराइन्फ्लुएन्झाचा विषाणू, अडेनोव्हायरसचा दुसरा प्रकार, मायकोप्लाझ्मा, कुत्र्यांच्या श्वसनमार्गाचा कोरोनाव्हायरस यांपैकी एखादा किंवा बरेच जण मिळून तो घडवतात. बोर्डेटेला हा माणसातल्या डांग्या खोकल्याच्या जंतूचा भाऊबंद. विसाव्या शतकाच्या आरंभी डिस्टेंपर हा जीवघेणा आजार झालेल्या कुत्र्यांच्या श्वासनलिकेत तो सापडला आणि काही संशोधकांनी त्यालाच डिस्टेंपरचे कारण ठरवले. फ्रेंच पशुवैद्य आंरी कारे यांनी १९०५ मध्येच डिस्टेंपरचे मूळ बारीक गाळणीतून पार होणाऱ्या विषाणूत असल्याचे दाखवले होते, तरी ते सर्वमान्य व्हायला बराच काळ गेला. जो जागेवर सापडला तोच दोषी, हा समज प्रयोगशाळेतही इतका चिवट ठरला. केनेलमध्ये तो रोज दिसतो. पहिला ठसका ज्या कुत्र्याने दिला त्याच्याच मालकाकडे सगळे बोट दाखवतात. प्रत्यक्षात खोकला थांबल्यावरही बोर्डेटेलाचे जंतू काही आठवडे, कधी महिने, कुत्र्याच्या श्वासातून बाहेर पडत राहतात. आजार आणणारा कुत्रा पहिला ठसका ऐकू येण्याआधीच घरी गेलेला असू शकतो.

पहिल्याला आजार कोणी दिला, हा प्रश्न धर्मचिंतनात फार पूर्वी विचारला गेला आहे. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या भागांतल्या कोकणी मुसलमानांच्या परंपरेत प्रमाण मानल्या गेलेल्या बुखारी आणि मुस्लिम यांच्या हदीससंग्रहांत उंटांच्या खरजेचा एक संवाद आहे. वाळवंटातला एक माणूस पैगंबरांना सांगतो की, हरणांसारख्या सतेज उंटांत एक खरुजलेला उंट मिसळतो आणि साऱ्यांना खरूज होते. त्यावर पैगंबर उलट विचारतात की, मग पहिल्याला ती कोणी लावली? एवढेच वाचले तर संसर्गच नाकारला असे वाटेल. परंतु त्याच संग्रहांत दुसरी आज्ञा आहे: आजारी उंटांच्या मालकाने ते निरोगी उंटांच्या कळपावर आणू नयेत. भाष्यकारांनी या दोहोंचा मेळ असा घातला की, रोगाला ईश्वरापासून स्वतंत्र अशी स्वतःची सत्ता नाही. मात्र कारणांची साखळी ईश्वरानेच घातलेली असल्यामुळे ती ओळखून वागणे हे माणसाचे काम आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या आवाक्याबाहेरचे असेलही, पण दुसऱ्या आज्ञेचे पालन पूर्णपणे त्याच्या हातात आहे. केनेल कफच्या बाबतीत हा भेद मोलाचा आहे. मूळ कुत्रा शोधण्यात लोक जेवढी शक्ती घालवतात, तिच्या निम्म्या शक्तीत पुढचे चार कुत्रे वाचू शकतात.

मराठी परंपरेत हाच विचार दैव आणि यत्न यांच्या वादातून आला आहे. महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत दासबोधाचे लेखन झाले असे समर्थ संप्रदाय मानतो, आणि त्या ग्रंथात समर्थ रामदासांनी यत्नाला थेट देवपदावर बसवले. दैव आहे की नाही हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला असे नाही. पण प्रयत्न करून चुकल्याशिवाय दैवाला दोष देण्याची मुभा त्यांनी कोणाला दिली नाही. राखणदाराच्या बाबतीत ही कसोटी नेमकी लावता येते. आजार झाला, एवढ्यावरून तो दोषी ठरत नाही आणि निर्दोषही ठरत नाही. आजार येण्याआधी आणि आल्यानंतर त्याने काय केले, यावर सगळे ठरते.

जुन्या स्मृतींत पशूचा मालक आणि गुराखी यांचा तंटा हे व्यवहाराचे स्वतंत्र प्रकरणच आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात त्याचे बारीक नियम दिले आहेत. दिवसा जनावराची जबाबदारी गुराख्याची; रात्री जनावर मालकाच्या गोठ्यात असेल तर मालकाची, आणि रात्रीही गुराख्याकडेच असेल तर त्याचीच. जनावर हरवले, किड्यांनी पोखरून मेले, कुत्र्यांनी फाडले, खड्ड्यात पडले आणि हे सगळे माणसाने करायचा तो प्रयत्न न केल्यामुळे घडले असेल, तर भरपाई गुराख्याने द्यायची. लांडग्यांनी शेळ्या-मेंढ्यांना वेढले आणि गुराखी धावला नाही, तर पाप त्याचे. नीट राखलेल्या कळपावर लांडग्याने अचानक झडप घातली, तर त्याच्यावर दोष नाही. जनावर आपसूक मेले तर गुराख्याने त्याचे कान, कातडे, शेपटीचे केस वगैरे मालकाला नेऊन खुणा दाखवायच्या.

हे नियम उद्धृत करताना एक गोष्ट सांगणे भाग आहे. हाच ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी याच जिल्ह्यात, महाडला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जाहीरपणे जाळला गेला आणि त्याला सबळ कारण होते. माणसामाणसांत जन्माने उच्चनीच ठरवणाऱ्या ग्रंथाला आज धर्माचा अधिकार देता येणार नाही. गुराख्याचे नियम इथे घेतले आहेत ते केवळ साक्ष म्हणून: मुकी जनावरे दुसऱ्याच्या हाती सोपवणाऱ्या समाजाला कोणते प्रश्न पडत होते आणि 'माणसाने करायचा तो प्रयत्न' ही कसोटी किती जुनी आहे, याची ती साक्ष आहे.

दुसरी साक्ष याच किनाऱ्यावरची आहे. किहीमजवळच्या नवगावला जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, असे बेने इस्राएल या ज्यू समाजाची परंपरा सांगते. अलिबागभोवतीच्या अष्टागरात त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी काम बंद ठेवत असल्यामुळे गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. घाणा बंद म्हणजे घाण्याच्या बैलालाही विसावा. आणि शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या, आज्ञेत जनावरांच्या विसाव्याचा उल्लेख मुद्दाम केलेला आहे. अलिबागची इस्राएल आळी आणि तिथले सिनेगॉग या समाजाची आठवण देत अजून उभे आहेत. त्यांच्या तोराह या धर्मग्रंथात शेजाऱ्याकडे राखायला दिलेल्या गाढवाचा, बैलाचा, मेंढराचा विचार आहे. जनावर मेले किंवा त्याला इजा झाली आणि पाहणारे कोणी नसेल, तर राखणदाराने देवासमोर शपथ घ्यायची. श्वापदाने फाडले असेल, तर उरलेले अवशेष पुरावा म्हणून आणायचे. मनूच्या गुराख्याला सांगितलेली गोष्ट जवळजवळ हीच.

पुढे मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहाच्या पंडितांनी राखणदाराचे चार प्रकार केले: फुकट सांभाळणारा, मोबदला घेऊन सांभाळणारा, उसने नेणारा आणि भाड्याने नेणारा. मोबदला घेणाऱ्यावर जबाबदारी जास्त. फक्त अटळ संकटातून तो सुटतो. मग अटळ म्हणजे काय यावर काथ्याकूट झाला. एक लांडगा आला तर ते अटळ संकट नव्हे, राखणदाराने त्याला हुसकावायला हवे. दोन लांडगे आले तर ते अटळ. जनावर नैसर्गिकपणे मेले तर राखणदार सुटतो, पण त्याने हाल केल्यामुळे मेले तर सुटत नाही. केनेलच्या वादात नेमके हेच शब्द लागू पडतात. खुल्या हवेत, अंतर राखून ठेवलेल्या कुत्र्याला खोकला झाला तर तो एक प्रसंग. ताडपत्रीने कोंडलेल्या, लघवीच्या उग्र वासाने भरलेल्या शेडमध्ये झाला तर तो वेगळा. अशा कोंडलेल्या हवेत साठणारा अमोनिया श्वासनलिकेचे अस्तर दुखावतो आणि जंतूंना वाट मोकळी करून देतो. आजार तोच, जंतूही तोच, पण राखणदाराचा हिशेब निराळा होतो.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यातली निक्षेपाची, म्हणजे दुसऱ्याकडे वस्तू सोपवण्याची, कलमे याच वळणाने जातात. कलम १५१ प्रमाणे ठेवून घेणाऱ्याने दुसऱ्याच्या वस्तूची तेवढी काळजी घ्यायची, जेवढी सामान्य समंजस माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल. तेवढी घेतली तर कलम १५२ त्याला मोकळे करते, करारात वेगळे ठरले नसेल तर. कायद्याच्या नजरेत कुत्रा इथे वस्तू आहे, आणि यात या कायद्याचे अपुरेपण उघड दिसते. ते अपुरेपण काही अंशी भरून काढले ते प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने. त्याच्या कलम ३ नुसार ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली प्राणी आहे, त्या प्रत्येकावर त्या प्राण्याच्या हिताचे वाजवी उपाय करण्याचे कर्तव्य येते. हे कर्तव्य प्राण्याच्या संबंधात आहे. मालकाशी झालेल्या पैशाच्या व्यवहारावर ते अवलंबून नाही. केनेलवाल्याने पैसे घेतले म्हणून मालकाचे कर्तव्य त्याच्याकडे गेले आणि मालक मोकळा झाला, असा अर्थ यातून निघत नाही. कर्तव्य हस्तांतरित होत नाही, त्यात आणखी एक वाटेकरी येतो.

मालकाच्या वाट्याचे काम कुत्रा केनेलच्या दारात पोचण्याआधीच सुरू होते. नोंदणीच्या वेळी लसीचे कार्ड मागतात. बऱ्याच कार्डांवर वार्षिक एकत्रित लसीचे स्टिकर असते आणि मालकाला वाटते, सगळे झाले. त्या लसीत डिस्टेंपर, पार्व्हो यांबरोबर सहसा अडेनोव्हायरस आणि पॅराइन्फ्लुएन्झा असतात, बोर्डेटेला नसतो. त्याची लस वेगळी, बहुधा नाकात थेंब टाकून द्यायची. तिचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, त्यामुळे निघायच्या आदल्या संध्याकाळी दिलेली लस कार्डावरचा रकाना भरते, कुत्र्याचे रक्षण करत नाही. ही लस आजार पूर्ण रोखतेच असे नाही. पण त्याची तीव्रता कमी करते आणि पसरणेही. म्हणून ती फक्त आपल्या कुत्र्यासाठी द्यायची नसते. शेजारच्या कप्प्यात कोणाचे तरी बारा वर्षांचे, हृदयाचे औषध चालू असलेले कुत्रे असेल, त्याचाही तिच्यावर हक्क आहे. तो कुत्रा या मालकाला कधी दिसणारही नाही.

त्याहून गंभीर गोष्ट लपवण्याची आहे. विमानाचे तिकीट काढलेले असते, लग्नघर वाट पाहत असते आणि निघायच्या दिवशी सकाळी कुत्रा दोनदा ठसकतो. मालक केनेलवर काही बोलत नाही. अशा वेळी त्याचा हेतू दुष्ट नसतो. तो फक्त अडलेला असतो. जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या केली तिच्यात जोर प्रमादावर आहे: बेफिकीर वृत्तीतून झालेला प्राणांचा घात म्हणजे हिंसा. जैन विचार याहून पुढे जाऊन सांगतो की, जपून वागणाऱ्याच्या हातून नकळत जीव गेला तरी कर्माचा बंध हलका असतो आणि बेफिकीर माणसाच्या हातून योगायोगाने कोणी मेले नाही तरी त्याचा दोष उरतो. दोन ठसके गिळून टाकणारा मालक याच दोषाचा धनी आहे, मग शेडमध्ये पुढे कोणी आजारी पडो वा न पडो. करार कायद्याचे कलम १५०ही ठेवणाऱ्यावर माहीत असलेला दोष सांगण्याचे बंधन घालते. त्याच्या उदाहरणात द्वाड घोडा तो द्वाड असल्याचे न सांगता दुसऱ्याला दिला आहे. केनेलवाल्याचे गप्प बसणे याच जातीचे. शेडमध्ये दोन कुत्रे खोकत असताना, गर्दीच्या हंगामातले बुकिंग जाईल म्हणून नव्या मालकाला न सांगणे, ही राखणीतली सर्वांत वाईट कसूर मानली पाहिजे. अस्वच्छ शेड दिसते तरी; लपवलेला खोकला मालकाला दिसतही नाही आणि मालक दुसरा मार्ग निवडण्याची संधीही गमावतो.

या सगळ्या हिशेबात खोकणाऱ्या कुत्र्याचे स्थान काय? भारतीय दर्शनांत पशुयोनी ही प्रामुख्याने भोगयोनी मानली जाते. कर्तव्य-अकर्तव्याचा भार मनुष्ययोनीवर आहे. पुनर्जन्म मानो वा न मानो, त्यातला विवेक घेण्याजोगा आहे: कुत्रा आजार पसरवतो, पण तो अपराध करत नाही. तो एकाच वेळी पीडित असतो आणि पीडेचे वाहनही. म्हणून त्याला वेगळे ठेवणे ही शिक्षा होता कामा नये. प्रत्यक्षात ती सहज होते. खोकणाऱ्या कुत्र्याला शेडमागच्या अडगळीत बांधतात, अंगणात सोडणे बंद होते, भांडे दुरून सरकवले जाते, कारण सांभाळणाऱ्या मुलाला सक्त ताकीद असते की त्याच्याजवळ जाऊ नकोस. घरापासून तुटलेल्या जनावराला हा एकांत आजारापेक्षा जड जातो. बरोबर पद्धत वेगळी आणि फार महाग नाही. त्याला दुसऱ्या हवेची, पण कोरडी, उजेडाची खोली द्यायची. निरोगी कुत्र्यांचे काम आधी उरकून मग त्याच्याकडे जायचे आणि तिथे हवा तेवढा वेळ थांबायचे. परतताना हात धुवायचे, कपडे बदलायचे. गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घालायचा आणि डॉक्टरांना दाखवायचे. माणसाचे खोकल्याचे औषध मनाने पाजायचे नाही. पारशांच्या वेंदिदाद ग्रंथात पिसाळलेल्या कुत्र्याचीही शुश्रूषा धर्मबांधवाची करावी तशी करावी, असे सांगितले आहे. आधी त्याच्या गळ्यात लाकडी अडसर घालून इतरांना त्याच्यापासून वाचवायचे आणि मग त्याला बरे करायला झटायचे. आवर घालणे आणि सेवा करणे या दोन गोष्टी त्या ग्रंथाने एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या नाहीत.

महाभारताच्या दोन्ही टोकांना कुत्रा आहे. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञमंडपाजवळ आलेल्या, सरमा या देवांच्या कुत्रीच्या पिल्लाला राजाचे भाऊ मारतात. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नव्हते, त्याला चाटलेही नव्हते. सरमा येऊन विचारते की, निरपराध्याला का मारले? उत्तर मिळत नाही, तेव्हा अदृष्ट भय येईल असा शाप ती देते. महाप्रस्थानाच्या वेळी युधिष्ठिर आपल्यामागे आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात चढायला नकार देतो; आश्रयाला आलेल्याचा त्याग त्याला महापातकाइतका वाटतो. दुसरी कथा सर्वांना पाठ आहे, पहिली विसरली गेली आहे. केनेलच्या प्रश्नाला पहिली अधिक लागू पडते. एकनिष्ठ कुत्र्यावर माया करणे फारसे अवघड नाही. ज्याच्यामुळे आपले नुकसान होईल अशी नुसती शंका आहे, त्या कुत्र्याशी न्यायाने वागणे अवघड आहे. आजार पसरल्यावर एखाद्या कुत्र्याला कायमचे काळ्या यादीत टाकणारे केनेल आणि त्याच्या मालकाला तोंडावर बोल लावणारे इतर मालक सरमेच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकणार नाहीत.

आणखी एक कुत्रा या प्रश्नात आहे आणि त्याचे कार्डही नाही, मालकही नाही. केनेलच्या फाटकाबाहेर, नागावच्या पुळणीवर, रेवदंड्याच्या मासळीबाजारात गावचे कुत्रे असतात. संध्याकाळी फिरायला नेलेला बोर्डिंगचा कुत्रा त्यांच्या नाकाला नाक लावतो. खोकला आतून बाहेर जातो आणि डिस्टेंपरसारखा भयंकर आजार बाहेरून आत येऊ शकतो. बहुतेक केनेलवाले यावर उपाय म्हणून कुंपण उंच करतात. ते करावेच, पण कुंपणाबाहेरच्या कुत्र्याला झालेल्या आजाराची जबाबदारी त्याने संपत नाही. गीतेने समदृष्टीच्या श्लोकात विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती यांच्या रांगेत कुत्र्याला आणि श्वपाकाला, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या माणसाला, बसवले आहे. चौल-भोवाळ्याच्या डोंगरावर मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेत माणसे दत्तापुढे माथा टेकतात, आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात. ही दृष्टी आचरणात फार थोडी उतरली. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत असताना अस्पृश्यांना ते पाणी मिळत नव्हते आणि त्यासाठी २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. प्राण्यांवरच्या दयेची गोष्ट बोलणाऱ्याने हा इतिहास कायम समोर ठेवावा. केनेलमध्ये गू-मूत काढणाऱ्या, रात्री खोकणाऱ्या कुत्र्याशेजारी जागणाऱ्या माणसाचा पगार, त्याची झोप आणि त्याला दिलेली वागणूक हाही राखणीच्या धर्माचाच भाग आहे.

समोरच्या मुंबईत या प्रश्नाला एकदा सार्वजनिक उत्तर मिळाले होते. १८३२ मध्ये भटके कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि हिंदू, जैन, मुसलमानही त्यात सामील झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरपोळ उभी राहिली. कुत्र्यांना मारू नका एवढे म्हणून ते थांबले नाहीत. त्यांना ठेवायचे कुठे आणि त्याचा खर्च कोणी करायचा, हेही ठरवले. अलिबाग ते श्रीवर्धन या पट्ट्यात पर्यटनातून आणि बोर्डिंगमधून पैसा मिळवणाऱ्यांनी गावच्या कुत्र्यांच्या लसीकरणाचा आणि निर्बीजीकरणाचा थोडा खर्च उचलावा, ही मागणी म्हणूनच गैरवाजवी नाही. त्यात त्यांच्या स्वतःच्या शेडचेही रक्षण आहे.

राहिला व्यवहार, आणि तो थोडक्यात सांगण्यासारखा आहे. कुत्रा गेल्या काही आठवड्यांत खोकला असेल तर मालकाने ते न विचारता सांगावे आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत त्याला बोर्डिंगला ठेवू नये. केनेलवाल्याने बोर्डेटेलाची लस निदान आठवडाभर आधी दिलेली आहे का, ते कार्डावर तारीख वाचून पाहावे. वाऱ्याची एक बाजू पावसातही मोकळी राहील अशी शेड बांधावी आणि एक खोली सदैव रिकामी ठेवावी, गणपतीच्या दिवसांतही. पहिला ठसका ऐकू आला की मागच्या दोन आठवड्यांत राहून गेलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या घरी त्याच दिवशी फोन करावा, आणि ज्याला फोन येईल त्या मालकाने भांडण्याआधी आपल्या कुत्र्याला इतर कुत्र्यांपासून दूर ठेवावे.